भोवऱ्याने कोरलेली कुकडी

पारनेर तालुक्यात वर्षाकाठी पाऊस पडतो तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास. कान्हूर पठारावर उभं राहिलं की चहूकडे कुसळी गवत, बोरी-बाभळी, उघडा मुरूम आणि मधूनच एखादा पाझर तलाव दिसतो. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यात साहसाची हौस असलेली मंडळी इकडे फारशी वळत नाहीत. ती जातात अकोले तालुक्याकडे: १६४६ मीटर उंचीचं कळसूबाई, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, रतनगड, सांदण दरी. ते योग्यच आहे, सह्याद्रीची धार तिकडेच आहे. मात्र वाहतं पाणी कातळाचं काय करू शकतं आणि त्याच कातळात माणसाचं काय होऊ शकतं, हे एकाच ठिकाणी पाहायचं असेल, तर या कोरड्या तालुक्याच्या दक्षिण शिवेवरचं निघोज गाठावं.

इथे कुकडी नदी दोन जिल्ह्यांची हद्द होऊन वाहते. अलीकडे पारनेरचं निघोज, पलीकडे शिरूर तालुक्यातलं टाकळी हाजी. गावापासून तीनेक किलोमीटरवर नदीचं रुंद पात्र एकाएकी सपाट काळ्या कातळाचं होतं आणि त्या कातळात शेकडो रांजणखळगे दिसू लागतात. काही वाटीएवढे, काहींत माणूस उभा मावेल असे, काही एकमेकांत फुटून त्यांचीच खोल, अरुंद घळ झालेली. उन्हाळ्यात सगळी नदी त्या घळीतून जाते आणि बाकीचं पात्र उघडं पडतं. काठावर मळगंगा देवीचं ठाणं आहे. पंचक्रोशीतले लोक या जागेला ‘कुंड’ म्हणतात, आणि चैत्रात देवीची यात्रा भरते तेव्हा इथे माणसांचा पूर लोटतो.

हे खळगे आशिया खंडात सर्वांत मोठे आहेत, असं हमखास सांगितलं जातं. ती चढाओढ मला तितकीशी महत्त्वाची वाटत नाही. असे खळगे जगात इतरत्रही आहेत. दक्षिण आफ्रिकेत ब्लाइड आणि ट्रूर नद्यांच्या संगमावरचे ‘बर्क्स लक’ खळगे पाहायला तर जगभरातून माणसं जातात. निघोजचं मोल वेगळं आहे. असे खळगे घडतात कसे हे इथे उघड्या डोळ्यांनी दिसतं, आणि ते समजलं की इथे कसं वागायचं हे निराळं सांगावं लागत नाही.

दख्खनचा हा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, आकसताना भेगा पडल्या. पुढे नदीला नेमक्या याच कच्च्या जागा सापडल्या. पुराचं पाणी वेगाने येतं, उंचवट्यावर आपटतं आणि त्याच्या आडोशाला गरगरू लागतं. भोवरा एका जागी टिकला की तिथे बारीकसा खोलगटपणा येतो. त्यात वाळू अडकते, मग गोटे अडकतात. पाणी त्यांना फिरवतं आणि ते जात्याच्या पाळीसारखे तळ व बाजू घासत राहतात. घासता घासता गोटेही झिजतात, गोल होतात, शेवटी भुगा होऊन वाहून जातात. पुढचा पूर नवे गोटे आणून टाकतो. हिवाळ्यात एखाद्या कोरड्या खळग्यात डोकावलं तर तळाशी गुळगुळीत गोट्यांचा ढीग दिसतो. खळगा कोरणारं हत्यार ते हेच. नुसत्या पाण्याला एवढ्या काळात इतकं साधलं नसतं.

आता खळग्याचा आकार नीट पाहा. पुष्कळ खळगे तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद आहेत, कारण गोट्यांचं घासणं तळाकडे जास्त चालतं. भिंती तासून गुळगुळीत झालेल्या, वरच्या बाजूला आत झुकलेल्या. शेजारच्या दोन खळग्यांमधली भिंत झिजून पातळ होते आणि अनेकदा आधी पाण्याखाली फुटते, वरून काही कळत नाही. अशा असंख्य भिंती फुटत गेल्या आणि आजची खोल घळ तयार झाली.

शिल्पासारखी दिसणारी ही रचना पोहणाऱ्याच्या मुळावर येते ती याच कारणांनी. पोट रुंद आणि तोंड अरुंद, म्हणजे आत पडलेल्याला वर यायला धरायला काही नाही. भिंत गुळगुळीत, त्यावर शेवाळ, म्हणजे बोटं रुततील अशी खाच नाही. पाण्याखाली खळगे एकमेकांना जोडलेले, म्हणजे ओढ माणसाला कडेला न आणता कातळाखाली नेऊ शकते. आणि फेसाळतं पाणी दिसायला कितीही आनंदी असलं, तरी त्यात हवा मिसळलेली असते. ते अंगाला नेहमीसारखं उचलून धरत नाही, चांगला पोहणाराही त्यात खाली जातो. विहिरीत, तलावात पोहायला शिकलेल्या माणसाचा अंदाज इथे हमखास चुकतो. ज्या भोवऱ्याने गोटे बाहेर जाऊ न देता वर्षानुवर्षं फिरवले, तो माणसालाही सहजी बाहेर जाऊ देणार नाही. म्हणून निघोजच्या घळीत उतरून पोहणं, एका कडेवरून दुसऱ्या कडेवर उडी मारणं, टोकावर बसून पाय सोडून फोटो काढणं, याला मी धाडस म्हणणार नाही. धाडसात जोखीम माहीत असते आणि ती पेलायची तयारी असते. इथे बहुतेकांना खालचा आकारच माहीत नसतो.

खळगे फार जुने आहेत, आता काम थांबलंय, असंही समजू नये. पुण्याजवळ इंद्रायणीच्या पात्रात विश्वास काळे आणि वीणा जोशी या भूरूपशास्त्राच्या अभ्यासकांनी २००४ साली दाखवून दिलं, की कातळात असे खळगे माणसाच्या हयातीच्या मापानेही तयार होऊ शकतात. पूर येतो त्या प्रत्येक वर्षी हे कोरणं चालू असतं. त्याच इंद्रायणीवर, तळेगावजवळच्या कुंडमळ्यात, १५ जून २०२५ रोजी पर्यटकांनी भरलेला जुना लोखंडी पूल कोसळला आणि चार माणसं गेली. तो अपघात पुलाचा होता, मान्य. पण खाली फुगलेली नदी आणि खडकाळ पात्र होतं, आणि वरची गर्दी तेच पाणी बघायला जमली होती.

निघोजला आणखी एक गोष्ट आहे जी काठावर उभं राहून दिसत नाही. कुकडी उगम पावते जुन्नर तालुक्यात, नाणेघाटाजवळ, कुकडेश्वराच्या परिसरात. तिथला पाऊस पारनेरच्या कैकपट. वाटेत माणिकडोह आणि येडगाव ही धरणं आहेत. म्हणजे निघोजमध्ये आभाळ निरभ्र असतं, शेतात धूळ उडत असते, आणि घाटमाथ्यावर दोन दिवस कोसळलेल्या पावसाचा विसर्ग येडगावातून सुटून खाली यायला निघालेला असतो. पारनेरच्या आकाशावरून कुकडीचा अंदाज बांधता येत नाही. घळ अरुंद असल्याने पाणी थोडं वाढलं तरी पातळी भराभर चढते. कातळाच्या मधोमध कुठे बेटासारख्या उंचवट्यावर मंडळी बसलेली असतील, तर मागची वाट आधी बुडते.

वरच्या अंगाचा पाऊस खालच्यांना कसा गाठतो याचं जगभर सांगितलं जाणारं उदाहरण स्वित्झर्लंडमधलं आहे. २७ जुलै १९९९ रोजी इंटरलाकेनजवळच्या साक्सेटेनबाख या ओढ्याच्या घळीत साहसी सहलीला उतरलेल्या गटांवर वरून वादळी पावसाचा लोंढा आला. २१ जण दगावले, त्यांत वाटाडेही होते. साधनं होती, दोर होते, सोबत वाटाडे होते. चुकलं ते वरच्या ढगांचं वाचन. आपल्याकडे सांदण दरीत पावसाळ्यात उतरू नये असं जाणते गिर्यारोहक कळकळीने सांगतात, त्यामागे हीच भीती आहे.

निघोजहून उत्तरेकडे, पारनेरच्या पठाराच्या कुशीत, वडगाव दर्या आहे. इथे पाण्याने नेमकं उलट काम केलंय. कुकडीने कातळ खाल्ला, इथे पाण्याने कातळावर दगड चढवला. दरीत उतरलं की नैसर्गिक कपारींमध्ये दर्याबाई आणि वेल्हाबाईची ठाणी आहेत आणि छतातून चुन्याची लोंबती झुंबरं खाली आलेली आहेत. अशी झुंबरं एरवी चुनखडीच्या गुहांत असतात. लाव्ह्याच्या काळ्या कातळात ती विरळा. पठारावर मुरलेलं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं, कातळातलं कॅल्शियम विरघळवत खाली झिरपतं. कपारीत आल्यावर त्यातला वायू उडून जातो आणि चुना थेंबाथेंबाने मागे राहतो. थर अत्यंत सावकाश वाढतो. कुणी आठवण म्हणून बोटभर टोक मोडून नेलं, तर ते भरून निघताना पाहायला आपल्यापैकी कुणी नसेल. तिथे हात लावू नये, एवढीच विनंती. तिथल्या वानरांना खाऊ घालू नये, हीदेखील.

याच तालुक्यातलं टाकळी ढोकेश्वर कल्याण-नगर महामार्गावरच आहे. तिथल्या डोंगरातलं शैव लेणं सहाव्या-सातव्या शतकाच्या सुमाराचं, आत सप्तमातृका आणि दाराशी गंगा-यमुना. चढ सोपा, घरातली वडीलधारी मंडळीही हळूहळू जाऊ शकतात. त्याच बाजूला मांडओहोळ धरणाच्या परिसरातला रुईचोंढा धबधबा पावसाळ्यात गर्दी ओढतो. धबधब्याखालच्या डोहालाही कुकडीचाच नियम लागू: पडणारं पाणी तळाशी फिरतं, आणि फिरणारं पाणी खोली बदलत राहतं. गेल्या वर्षी कमरेएवढं होतं, हा यंदाचा पुरावा नव्हे.

ज्यांना खरी एकाकी पायपीट हवी, त्यांनी पावसाळा सरल्यावर पठारावरून चालावं. नोव्हेंबर ते जानेवारी गवत पिवळं असतं, हवा कोरडी, आणि मेंढपाळांच्या वाटा स्पष्ट दिसतात. पाणी भरपूर न्यावं, सावली मिळेल असं धरून चालू नये. माळावर लांडगा दिसण्याची शक्यता असते, तो माणसाला टाळतो. नदीकाठच्या उसात मात्र बिबट्याचा वावर आहे. जुन्नर-शिरूर-पारनेरचा हा बागायती पट्टा त्याने घर मानलाय, म्हणून तिन्हीसांजेनंतर उसाच्या कडेने एकट्याने चालू नये, लहान मुलांना पुढेमागे सोडू नये. वाडीवरचा माणूस हेच सांगेल. त्याचं ऐकावं, रोज त्या बांधावरून जाणारा तो आहे.

राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात उपक्रम चालवणाऱ्यांची नोंदणी, प्रशिक्षित माणसं आणि सुरक्षेची साधनं यांवर भर आहे. दोर, हार्नेस, झिपलाइन अशा धंद्यांना त्याने शिस्त लागावी ही मनापासून इच्छा. पण निघोजला येणारा बहुतांश माणूस कुणाच्या उपक्रमात नसतो. तो देवदर्शनाला, डबा घेऊन, पोराबाळांसह आलेला असतो. त्याच्यापर्यंत पोचायचं तर मळगंगेच्या वाटेवरच, मराठीत, ठळक अक्षरांत, खळग्याचा उभा छेद काढून दाखवायला हवा: तोंड एवढं, पोट एवढं, खाली अशी वाट फुटलेली. ‘खोल पाण्यात उतरू नये’ या पाटीपेक्षा ते चित्र जास्त बोलेल. विसर्ग सुटण्याआधी कुंडावर भोंगा वाजावा, हेही मागायला हवं. यात्रा समिती, ग्रामपंचायत आणि पाटबंधारे खातं मिळून हे करू शकतात, फार पैसा लागत नाही.

तोवर जाणाऱ्याने आपली काळजी आपण घ्यावी. डिसेंबर ते मार्च हा उत्तम काळ. सकाळी लवकर जावं, तिरप्या उन्हात खळग्यांच्या भिंतीवरच्या फिरत्या रेघा स्पष्ट दिसतात. रबरी, पकड असलेले बूट घालावेत, ओल्या कातळापासून दोन पावलं मागे राहावं. नदीवरच्या पुलावरून टाकळी हाजीच्या बाजूला जावं, तिथून घळीचा पूर्ण विस्तार नजरेत येतो. आणि कातळावर पाऊल ठेवण्याआधी काठावरच्या दुकानदाराला किंवा जाळी टाकणाऱ्याला विचारावं: येडगावातून पाणी सोडलंय का, सिंचनाचं आवर्तन चालू आहे का? हो म्हणाला, की त्या दिवशी देवीचं दर्शन घ्यावं आणि खळगे वरूनच पाहावेत.