माशावरची ऊ माणसाला लागत नाही

बाळापुरात मन आणि म्हैस नद्यांच्या संगमाकाठी असो की अकोल्याच्या बाजारात, रोहू-कतल्याच्या खवल्यांवर मसुराच्या डाळीएवढी, चपटी, हिरवट चकती सरकताना दिसली की गिऱ्हाईक हात मागे घेतं. असा मासा खाल्ला तर पोटात किडे होतात, लेकरांच्या डोक्यात उवा पडतात, हे इतक्या ठामपणे सांगितलं जातं की शेजारी उभा असलेला माणूसही पिशवी रिकामी घेऊन परततो. हा समज निराधार आहे. ती चकती म्हणजे माशावरची ऊ, आर्ग्युलस: झिंग्या-खेकड्याच्या कुळातला कवचधारी जीव. डोक्यातली ऊ हा सहा पायांचा कीटक. ती माणसाच्या रक्तावर जगते आणि एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात जाते. आर्ग्युलसला पोहायला पायांच्या चार जोड्या, चिकटून राहायला दोन चूषक आणि माशाच्या कातडीत टोचायला सुईसारखा अवयव असतो. त्याचा श्वास पाण्यातच चालतो, अंडीही तो पाण्यातल्या दगडांवर आणि वनस्पतींवर घालतो. कोरड्या केसांत तो जगणार कसा?

यावर कुणी म्हणेल, माणसाला तो चिकटल्याचं उदाहरण आहेच ना! आहे. 1958 मध्ये हार्गिस या अमेरिकी संशोधकाने आर्ग्युलस माणसाच्या डोळ्याशी सापडल्याची नोंद प्रसिद्ध केली. पण ती योगायोगाची घटना असल्याचं त्यांनी शीर्षकातच स्पष्ट केलं होतं. अशा एका अपघातावरून कढईतल्या रश्श्याला दोष देता येत नाही. माशातून माणसाला होणारे परजीवी वेगळेच आहेत: समुद्री माशातल्या ॲनिसाकिस जंताच्या अळ्या, गोड्या पाण्यातल्या माशांमधले काही यकृतकृमी. तेही कच्चा किंवा अर्धकच्चा मासा खाल्ल्यानेच पोटात जातात. वऱ्हाडात मासा कच्चा खातं कोण? आपल्याकडे तो तेलात परततात, मसाल्यात शिजवतात, आणि पूर्ण शिजलेल्या माशात या अळ्या जिवंत राहत नाहीत.

बर्फातल्या बांगड्याबरोबर समुद्रातली ऊ आपल्या तळ्यात शिरेल, ही भीतीही फोल: ती खाऱ्या पाण्याची, तळ्यातल्या पाण्यात तिचा निभाव लागत नाही. ऊ असलेला मासा शिळाच, हेही खरं नाही. नॉर्वेत सॅमनच्या पिंजऱ्यांमध्ये समुद्री उवांची गणती करण्याची सक्तीच आहे, आणि ही मोजणी जिवंत माशांवर होते.

खरी झळ बसते ती मत्स्यशेतकऱ्याला. टोचलेल्या जागी जखमा होतात, त्यांत जिवाणू आणि बुरशी शिरते, मासा खात नाही, वाढत नाही. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेतल्या संशोधकांनी भारतातल्या रोहू-कतल्यासारख्या कार्प माशांच्या शेतीचा यातला तोटा हेक्टरी वर्षाला सुमारे 29,500 रुपये काढला आहे. दाट संचयन आणि साचलेला गाळ यांनी उवांचं फावतं. तळ्यात बांबू किंवा फळ्या सोडाव्यात, आर्ग्युलस त्यांवर अंडी घालतो. त्या ठरावीक दिवसांनी बाहेर काढून उन्हात कडक वाळवल्या की पुढची पिढी तिथेच मरते. नवं बीज सोडण्याआधी तपासावं.

गिऱ्हाइकाने डोळे, कल्ले आणि वास बघावा, ऊ दिसली तर घासून धुवून टाकावी आणि मासा नीट शिजवावा. अंगावर जखमा वा बुरशीचे कापसासारखे पुंजके असतील तर मात्र तो मासा घेऊ नये.