आधी गॅस, मग वीज

चेन्नई शहरातल्या बेसिन ब्रिज भागात प्रत्येकी 30 मेगावॉटची चार गॅस टर्बाइन आहेत. इंधन म्हणून तिथे महागडा नॅफ्था वापरला जातो. हे संच झटपट सुरू होतात, त्यामुळे अडीअडचणीला मोलाचे. रोज चालवायचे तर परवडत नाहीत. एक कारण इंधनाच्या किमतीत आहे, दुसरं धुराड्यात. टर्बाइन फिरवून बाहेर पडणारे वायू पाचशे अंशांच्या आसपास तापलेले असतात आणि ती सगळी उष्णता हवेत विरते.

रायगड जिल्ह्यात उरणजवळच्या बोकडवीरा इथे हीच उष्णता पुन्हा कामाला जुंपली आहे.

बॉम्बे हायचा गॅस समुद्रतळावरच्या नळाने उरणला येऊ लागला, त्यानंतर राज्य विद्युत मंडळाने 1982 पासून इथे गॅस टर्बाइन बसवायला सुरुवात केली. आज महानिर्मितीच्या या केंद्रात 108 मेगावॉटचे चार गॅस संच आहेत. त्यांच्या धुराड्याकडे जाणारे तप्त वायू आधी बॉयलरमधून नेले जातात. तिथे तयार होणाऱ्या वाफेवर 120 मेगावॉटची दोन टर्बाइन फिरतात. ती 1994 च्या सुमारास जोडली गेली. केंद्राची क्षमता 672 मेगावॉट, त्यातले 240 मेगावॉट जादा गॅस न जाळता मिळणारे. उसाचं चिपाड चरकातून दुसऱ्यांदा काढावं, तसा हा प्रकार.

याला संयुक्त चक्र म्हणतात. नुसतं गॅस टर्बाइन इंधनातल्या ऊर्जेच्या साधारण 35 ते 40 टक्क्यांची वीज करतं. आधुनिक संयुक्त चक्र 60 टक्क्यांच्या आसपास जातं. कोळशाच्या केंद्राशी तुलना केली, तर युनिटमागे कार्बन डायऑक्साइड निम्म्याच्या घरात येतो, आणि राखेचा प्रश्नच उरत नाही.

मग अशी केंद्रं गावोगाव का नाहीत? उत्तर गुहागर तालुक्यात अंजनवेलला मिळतं. तिथल्या एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाचा 740 मेगावॉटचा पहिला टप्पा 1999 मध्ये सुरू झाला, तोही नॅफ्थ्यावर. आयात द्रवरूप वायू उतरवण्याची सोय दुसऱ्या टप्प्यासाठी राखली होती. वीज इतकी महाग पडली, की 2001 मध्ये मंडळाने ती घेणं थांबवलं. पुढे 2005 मध्ये एनटीपीसी आणि गेल यांच्या पुढाकाराने रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनी उभी राहिली. 1967 मेगावॉटचे संच कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या गॅसवर चालले, तो आटताच थंडावले. 2015 मध्ये रेल्वेला वीज देण्यासाठी त्यातला काही भाग पुन्हा फिरू लागला.

तंत्र दोन्हीकडे एकच. उरणला मात्र गॅस आधी पोचला होता आणि केंद्र त्याच्यामागून आलं. दाभोळला केंद्र उभं राहून गॅसची वाट पाहत बसलं. अर्थात पुरेसा गॅस न मिळाल्याने उरणचेही संच अनेकदा अर्ध्या ताकदीवर चालतात.

2024 मध्ये देशात गॅसवरची सुमारे 25 हजार मेगावॉट क्षमता होती आणि तिचा बराचसा भाग वर्षभर बंद असे. सूर्य मावळल्यावर सौरवीज थांबते, तेव्हा लवकर सुरू होणारे हे संच आठवतात. 2024 च्या उन्हाळ्यात केंद्र सरकारने वीज कायद्याच्या कलम 11 चा आधार घेऊन गॅस केंद्रांना मे आणि जूनमध्ये गरजेनुसार वीज देण्याचा आदेश काढला. त्यासाठी लागणारा आयात गॅस महाग होता, आणि तो भार अखेर वीज घेणाऱ्यांच्याच हिशेबात धरला गेला.