पिंजऱ्याची समृद्धी आणि प्रयोगाची विश्वासार्हता

प्रयोगशाळेतील उंदरांना रिकाम्या, एकसारख्या पिंजऱ्यांत ठेवण्यामागे एक तर्क होता : परिस्थिती समान असेल, तरच निष्कर्षांची तुलना शक्य होते. मात्र या काटकसरीची किंमत प्राण्यालाच मोजावी लागते. गज कुरतडत राहणे, एकाच जागी उड्या मारणे अशा निरर्थक हालचाली त्याच्यात बळावतात. प्रयोगशाळेचे तापमान बहुधा २० ते २४ अंश सेल्सिअस असते. उंदराला मात्र सुमारे ३० अंशांची ऊब लागते. घरट्यासाठी कागदाच्या पट्ट्या दिल्यास ही उणीव बऱ्याच अंशी भरून निघते.

समृद्ध पिंजऱ्यामुळे निष्कर्ष विस्कळीत होतील काय? २००४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, वर्तनचाचण्यांतील तफावत त्यामुळे वाढली नाही. अर्थात, प्रत्येक वस्तू हितकारक नसते. काही वंशांच्या नरांमध्ये आडोशावरून मारामाऱ्या वाढतात. तेव्हा समृद्धी म्हणजे वस्तूंची गर्दी नव्हे, तर स्वाभाविक वर्तनास वाव होय.

भारतातील १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम प्रयोगाच्या वेळी व नंतरच नव्हे, तर प्रयोगापूर्वीही अनावश्यक यातना टाळण्याचे कर्तव्य सांगतो. पिंजऱ्याचा प्रश्न नेमका येथेच उपस्थित होतो.