कृष्णधवल पुरावा : ‘इन कोल्ड ब्लड’

अमेरिकेतील कॅन्सस राज्यात होलकम्ब या लहानशा गावी 15 नोव्हेंबर 1959 च्या पहाटे क्लटर या शेतकरी कुटुंबातील चौघांची हत्या झाली. घरात तिजोरी आणि तिच्यात दहा हजार डॉलर आहेत, ही तुरुंगात ऐकलेली बातमी खरी मानून आलेल्या पेरी स्मिथ आणि रिचर्ड हिकॉक यांच्या हाती जेमतेम चाळीस-पन्नास डॉलर लागले, कारण तिजोरी मुळात नव्हतीच. या प्रकरणावर ट्रूमन कपोटी यांनी लिहिलेले ‘इन कोल्ड ब्लड’ 1966 मध्ये ग्रंथरूपाने आले. घटना खऱ्या, पण मांडणी कादंबरीची, अशा या लेखनप्रकाराला कपोटी ‘नॉन-फिक्शन नॉव्हेल’ म्हणत. पुढच्याच वर्षी रिचर्ड ब्रुक्स यांनी त्यावर त्याच नावाचा चित्रपट काढला.

दूरचित्रवाणीवर रंगीत कार्यक्रमांची चलती सुरू झालेल्या त्या काळात कृष्णधवल चित्रपटाला पुढे गिऱ्हाईक मिळणे कठीण होते, त्यामुळे कोलंबिया या निर्मितीसंस्थेला रंगीत चित्रपट आणि पॉल न्यूमन, स्टीव्ह मॅक्वीन यांच्यासारखे नामवंत नट हवे होते. ब्रुक्स यांनी दोन्ही गोष्टी नाकारल्या आणि प्रेक्षकांना फारसे परिचित नसलेले रॉबर्ट ब्लेक व स्कॉट विल्सन निवडले, कारण ओळखीचा चेहरा दिसताच प्रेक्षक गुन्हेगाराला विसरून नटाकडे पाहू लागतो. जिथे हत्या झाली त्याच घरात चित्रीकरण झाले. खटल्याची दृश्ये मूळ न्यायालयात घेतली गेली आणि पंचमंडळात, म्हणजे निकाल देणाऱ्या नागरिकांच्या गटात, मूळ खटल्यातील काही पंचच बसले. हा अट्टहास काहीसा अघोरी वाटतो, हे मान्य करावे लागेल.

तरीही अस्सल जागा म्हणजे अस्सल चित्रपट, असे समीकरण ब्रुक्स यांनी मांडलेले नाही. मारेकऱ्यांची गाडी रात्री घरापाशी थांबते आणि कथा एकदम दुसऱ्या दिवसावर जाते. प्रत्यक्ष हत्या पुष्कळ पुढे, पेरीच्या कबुलीजबाबातून उलगडते आणि तीही विजेरीच्या हलत्या प्रकाशात, अंधाराचाच वाटा मोठा ठेवून. वाचकाला कपोटी यांच्या पुस्तकात जी प्रतीक्षा करावी लागते, तीच येथे संकलनाने, म्हणजे दृश्यांच्या जोडणीने, साधलेली आहे.

छायालेखक कॉनरॅड हॉल यांचे सर्वाधिक गाजलेले दृश्य मात्र योजून घडलेले नाही. फाशीपूर्वी पेरी कोठडीच्या खिडकीपाशी उभा राहून वडिलांविषयी बोलतो. बाहेरून येणारा दिव्याचा झोत कृत्रिम पावसाने भिजलेल्या काचेतून त्याच्या चेहऱ्यावर पडतो आणि काचेवरून ओघळणाऱ्या पाण्याच्या सावल्या गालांवरून अश्रूंसारख्या सरकतात, पण पेरीच्या डोळ्यांत पाणी नाही. तयारी चालू असताना हा खेळ हॉल यांच्या ध्यानात आला आणि त्यांनी तो जपला. राखाडी छटांवर उभा असलेला हा परिणाम रंगीत फितीवर इतक्या धारदारपणे उतरला असता, असे वाटत नाही.

याच दृश्यात चित्रपटाची अडचणही दडलेली आहे. ज्याने चार माणसे मारली त्याला कॅमेरा न मागता अश्रू बहाल करतो. क्लटर कुटुंबाच्या वाट्याला मात्र सुरुवातीची थोडी घरगुती दृश्ये आणि भीतीने ताठरलेले चेहरे एवढेच येते. कपोटी यांच्यावरही मारेकऱ्यांकडे, विशेषतः पेरीकडे, झुकल्याचा आक्षेप घेतला गेला होता. पुस्तकाच्या शेवटी तपास अधिकारी अल्विन ड्यूई यांचा स्मशानभूमीतील जो सौम्य प्रसंग आहे, तो कपोटी यांनी रचलेला असल्याचे पुढे उघड झाले. ब्रुक्स यांनी तो घेतलाच नाही आणि चित्रपट फाशीच्या दोरापाशीच संपवला. निदान शेवटापुरता तरी चित्रपट ग्रंथापेक्षा अधिक प्रामाणिक ठरला, असेच म्हणावे लागते.

दिग्दर्शन, पटकथा, छायालेखन आणि क्विन्सी जोन्स यांचे संगीत अशी चार ऑस्कर नामांकने चित्रपटाला मिळाली, पुरस्कार एकही नाही. छायालेखनासाठी रंगीत आणि कृष्णधवल असे दोन वेगळे पुरस्कार देण्याची प्रथा त्याच वर्षी बंद झाली होती, आणि तो एकत्रित पुरस्कार ‘बॉनी अँड क्लाइड’ या रंगीत चित्रपटाला गेला.