प्रारंभिक वाचनातील अडथळे : देवनागरी लिपीच्या संदर्भात एक विचार

इयत्ता दुसरीतील विद्यार्थी ‘वाचता येत नाही’ या शेऱ्यासह तिसरीत जातो, तेव्हा त्याला नेमके काय येत नाही, याचा उलगडा त्या शेऱ्यातून होत नाही. ‘असर’ या पाहणीनुसार ग्रामीण भारतात दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्या तिसरीतील मुलांचे प्रमाण २०२२ मध्ये २०.५ टक्के, तर २०२४ मध्ये २७.१ टक्के होते. सुधारणा निश्चितच आहे. तथापि २०२४ मध्येही चारांपैकी सुमारे तीन मुले या पातळीच्या अलीकडेच होती. ही मुले एकाच ठिकाणी अडलेली नसतात, हे मात्र टक्केवारीच्या चर्चेत नजरेआड होते.

देवनागरीत चिन्ह व उच्चार यांचा संबंध इंग्रजीच्या तुलनेने नियमित आहे. त्यामुळे मुळाक्षरे व बाराखडी पाठ झाली की वाचन आपोआप येते, असा समज रूढ झाला. वस्तुतः बाराखडी घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला ‘कु’ सुटे दाखविल्यास ते ‘क, का, कि, की’ अशी साखळी पुटपुटत तेथवर पोहोचते. हे स्मरण आहे, वाचन नव्हे. अशा रीतीने शब्दाच्या शेवटापर्यंत जाताना त्याचा आरंभ विसरला जातो व अर्थ हाती लागत नाही.

लिपीच्या रचनेतही काही अवघड जागा आहेत. ‘पिशवी’ या शब्दात ऱ्हस्व वेलांटी ‘प’च्या आधी दिसते, पण तिचा उच्चार ‘प’नंतर होतो. रफाराचे याच्या उलट आहे : ‘वर्ग’मध्ये ‘र’ आधी उच्चारला जातो, खूण मात्र ‘ग’च्या माथ्यावर बसते. घ-ध, भ-म, ब-व या जोड्यांतील आकारसाम्य शिक्षकांच्या परिचयाचे आहे. त्या मानाने अंत्य ‘अ’च्या लोपाकडे क्वचितच लक्ष जाते. ‘ब-द-क’ असे तीन पूर्ण अक्षरांनी वाचलेले मुलाच्या कानाला ओळखीच्या ‘बदक’सारखे लागतच नाही. अक्षरे सर्व बरोबर, तरी शब्द अनोळखी, अशी त्याची स्थिती होते.

म्हणून उपचारापूर्वी निदान आवश्यक ठरते. शिक्षकाने प्रत्येक मुलाजवळ पाच-दहा मिनिटे बसून त्याचे प्रकट वाचन ऐकावे आणि चूक न सुधारता तिची नोंद करावी. स्वरचिन्हांपाशी अडणाऱ्या मुलास संपूर्ण बाराखडी पुन्हा घोकावयास लावणे व्यर्थ होय. क, म, ल ही तीन व्यंजने व एक काना एवढ्यावरच ‘काम’, ‘माल’, ‘मामा’, ‘लाल’ असे शब्द तयार होतात. मधूनच ‘लाकम’सारखा निरर्थक शब्द द्यावा; तो अंदाजाने वाचता येत नाही. जोडाक्षरांशी अडणाऱ्याचा सराव अर्थातच वेगळा राहील.

मेळघाटातील कोरकू किंवा गडचिरोलीतील गोंडी भाषक मुलांची अडचण पुष्कळदा लिपीची नसून शब्दांची असते. त्यांच्याबाबत मौखिक परिचय आधी, वाचन नंतर, हाच क्रम योग्य.

‘प्रथम’ संस्थेने इयत्तेऐवजी वाचनपातळीनुसार गट करून शिकविण्याची पद्धत विकसित केली. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो प्रभृतींनी तिचे मूल्यमापन केले असून परिणाम अनुकूल आढळले. मात्र गट लवचिक हवेत. वर्षभर एकाच गटात राहिलेल्या मुलाला तो शिक्काच वाटतो. अध्ययन-अक्षमतेबाबतही हेच लागू आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने विशिष्ट अध्ययन-अक्षमतेला मान्यता दिली आहे. परंतु तिचे निदान तज्ज्ञांनी करावयाचे असते, वर्गशिक्षकाने नव्हे.

या प्रश्नाचा एक धागा अध्यापक महाविद्यालयांपर्यंत येतो. सराव पाठांत संपूर्ण वर्गासमोरील अध्यापन तपासले जाते. छात्राध्यापकाने एका मुलाचे वाचन शांतपणे ऐकून त्याच्या चुकांची कारणे शोधली काय, हे सहसा पाहिले जात नाही. प्रात्यक्षिकाच्या गुणांतील काही भाग अशा नोंदींसाठी राखून ठेवणे खर्चिक नाही, आणि त्यासाठी वेगळ्या साधनांचीही गरज नाही.