उजळाईवाडीहून गुलमर्गला, पोरं बरोबर घेऊन

नकाशात कोल्हापूर शोधा, तिथं पट्टी ठेवा आणि थेट उत्तरेला रेघ ओढा. ती कराड आणि संगमनेरच्या अंगानं महाराष्ट्राबाहेर पडेल, राजस्थानात बांसवाड्याजवळून जाईल, लाहोरला भिडेल आणि मग कुठं पोचेल? काश्मीरमधल्या गुलमर्गला! चूक पडलीच तर दहा-पंधरा किलोमीटरची. दोन्ही गावं जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत, मध्ये अंतर सुमारे १,९०० किलोमीटर. जानेवारीत या रेघेच्या एका टोकाला ऊस तोडणीला आलेला असतो, गुऱ्हाळं पेटलेली असतात. दुसऱ्या टोकाला चिल्ला-ए-कलां, म्हणजे काश्मीरचा चाळीस दिवसांचा कडक हिवाळा, आणि बर्फावर घसरणारी माणसं.

या रेघेवरून विमान जात नाही. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून निघायचं, मुंबईला विमान बदलायचं आणि श्रीनगरला उतरायचं. सोबत चार वर्षांचं पोर असेल, तर वाटेत त्याच्या इवल्याशा देहात काय काय घडतं, ते मोठ्यांच्या लक्षातही येत नाही.

सुरुवात हवेपासून करू. विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवर उडतं. तिथल्या हवेत माणूस मिनिटभरात बेशुद्ध पडेल, म्हणून केबिनमध्ये हवा दाबून भरलेली असते. पण किती? जमिनीवर असते तितकी नाही. साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असते, तेवढीच. आता गुलमर्गची उंची पाहा: सुमारे २,६५० मीटर. म्हणजे ढगांच्या वरून उडताना पोरानं छातीत जी हवा घेतली, तिच्याहून विरळ हवा त्याला गुलमर्गला जमिनीवर उभं राहून घ्यायची आहे! म्हणून आधी एक रात्र श्रीनगरला काढावी. ते सोळाशे मीटरच्या आसपास आहे, शरीराला सवय व्हायला वेळ मिळतो. गुलमर्गचा गोंडोला, म्हणजे रोपवे, दुसऱ्या टप्प्यात अफरवट डोंगराच्या अंगावर ३,९०० मीटरच्याही वर नेतो. लहान पोरांना घेऊन तिथवर जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता कान. कानाच्या पडद्यामागं हवेची एक छोटी खोली असते. तिथून एक बारीक नळी नाकाच्या मागच्या बाजूला उतरते. एरवी ती मिटलेली असते. गिळलं किंवा जांभई दिली की क्षणभर उघडते आणि आतबाहेरचा दाब सारखा होतो. मोठ्यांमध्ये ही नळी लांब आणि तिरकी असते. लहान मुलांमध्ये मात्र ती आखूड, अरुंद आणि जवळजवळ आडवी असते, त्यामुळं लवकर तुंबते. विमान वर जाताना आतली हवा आपोआप निसटते. खाली येताना बाहेरची हवा आत घ्यावी लागते आणि खरी कसरत तिथंच आहे.

मग सगळ्यात जास्त कान कुठं दुखतील? हिमालयात? अजिबात नाही. श्रीनगर मुळातच उंचावर, त्यामुळं तिथं उतरताना केबिनमधला दाब थोडासाच वाढतो. मुंबई समुद्राच्या काठाला. केबिनमधल्या तेवढ्याच दाबापासून मुंबईला उतरताना तो श्रीनगरच्या तिपटीहून जास्त वाढतो. म्हणजे कानांची परीक्षा परतीच्या वाटेवर, मुंबईला आहे. झोपेत आपण फार कमी गिळतो, म्हणून उतरण्याच्या अर्धा तास आधी पोराला उठवा. तान्हं असेल तर अंगावर पाजा, मोठं असेल तर घोट घोट पाणी द्या. प्रत्येक घोटाला ती नळी उघडते. सर्दीनं नाक गच्च असेल, तर निघण्यापूर्वीच डॉक्टरांना दाखवून घ्या.

बर्फात पोचल्यावर लहान असण्याचा दुसरा हिशेब सुरू होतो. तांबडा रस्सा पातेल्यात तासभर वाफाळत राहतो, पण वाटीत काढला की बघता बघता कोमट होतो. रस्सा तोच, मसाला तोच. फरक एवढाच, की वस्तू लहान झाली की आतला ऐवज भराभर कमी होतो, पण बाहेरचा पृष्ठभाग तितका कमी होत नाही. चार वर्षांच्या मुलाच्या वाट्याला दर किलो वजनामागं मोठ्या माणसाच्या जवळजवळ दीडपट कातडी येते, आणि उष्णता जाते ती तिथूनच. तुम्ही म्हणाल, ‘मला तर काही थंडी वाजत नाही.’ तेव्हा पोर गारठलेलं असू शकतं. एका जाड कोटापेक्षा कपड्यांचे तीन पातळ थर बरे, कारण खरी ऊब थरांमध्ये अडकलेल्या हवेची असते. हातमोजे चारही बोटं एकत्र राहतील असे घ्या, बोटं एकमेकांना ऊब देतात. आणि ऊन? ताजा बर्फ सूर्याची अतिनील किरणं ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. ऊन खालूनही लागतं, हनुवटीखाली आणि नाकपुड्यांपाशी. क्रीम तिथंही लावा, आणि डोळ्यांना गॉगल हवाच.

आता सगळ्यात मोठं नवल: स्की घसरते कशी? वजनाच्या दाबानं बर्फ वितळतो, असं पुष्कळांनी ऐकलेलं असतं. हिशेब करून पाहू. १६ किलोचं पोर दोन स्कींवर उभं राहिलं, तर बर्फावर पडणारा दाब हवेच्या दाबाच्या दीड टक्काही भरत नाही. त्यानं काय वितळणार! मायकेल फॅरेडेनं १८५० मध्येच सांगितलं होतं, की शून्याखाली गोठलेल्या बर्फाच्याही अगदी वरच्या थरात पाण्याचा पातळ पापुद्रा असतो. पुढं १९३९ मध्ये, म्हणजे राजाराम महाराजांनी बांधलेला कोल्हापूरचा विमानतळ सुरू झाला त्याच वर्षी, केंब्रिजच्या बाउडन आणि ह्यूझ यांनी घसरण्याचा उलगडा प्रसिद्ध केला. घासण्यातून उष्णता निर्माण होते, ती बर्फाचा नखभरही नसलेला थर वितळवते आणि स्की त्या पाण्यावरून जाते. त्यांना पितळेची स्की एबोनाइटच्या, म्हणजे कडक रबराच्या, स्कीहून जास्त अडखळताना दिसली. कारण? पितळ ती उष्णता पटकन ओढून घेतं! एवढ्या बर्फात पोर खरं तर पाण्यावरून घसरतंय, आणि ते पाणी त्याचं त्यानंच तयार केलंय.

पडण्याच्या बाबतीत मात्र लहान असणं फायद्याचं ठरतं. शिकवणारा पहिल्यांदा स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब ठेवायला सांगतो. त्यानं वेग आवरतो. तरी पडणं ठरलेलंच. पण मुलाचं वजन कमी आणि त्याचं पोटही जमिनीपासून थोड्याच उंचीवर, त्यामुळं उभ्या उभ्या पडताना बसणारा तडाखा मोठ्याच्या साधारण सातव्या हिश्श्याचा असतो. बाबा कंबर धरून बसतात, तोवर पोर पुन्हा चढावर निघालेलं असतं. अपवाद एकच, डोकं. चार वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर असतो जवळपास ५० सेंटिमीटर, मोठ्या माणसाचा पंचावन्न-छप्पन. अंग वजनानं चौथ्या हिश्श्याचं, आणि डोकं मात्र जवळजवळ पुऱ्या मापाचं! म्हणून कोट, बूट, स्की तिथं भाड्यानं घ्या, पण त्याच्या मापाचं हेल्मेट कोल्हापुरातच डोक्यावर घालून, पट्टा आवळून, हलवून बघा आणि बॅगेत भरा.