भारतीय चित्रपटांतील स्थलांतर : फलाटावर थांबलेली माणसे

फाळणीने उखडलेली आणि पोटासाठी गाव सोडलेली माणसे भारतीय चित्रपटांत वारंवार भेटतात. मात्र घर सुटणे पडद्यावर दाखवायचे कसे, हा प्रश्न दिग्दर्शकांपुढे प्रत्येक वेळी नव्याने उभा राहिला. निर्वासितांचे तांडे, जाळपोळ ही दृश्ये हाताशी असतातच. काही मोजक्या चित्रपटांनी त्याऐवजी रेल्वेसारख्या नित्याच्या गोष्टीकडे कॅमेरा वळवला.

एम. एस. सथ्यू यांच्या ‘गर्म हवा’मध्ये (१९७३) आग्र्यातील पादत्राणांचा व्यावसायिक सलीम मिर्झा आप्तांना एकामागून एक निरोप देत राहतो. बलराज साहनी यांनी ही भूमिका केली. येथे हिंसाचार जवळजवळ दिसतच नाही. दिसते ते कर्ज नाकारले जाणे आणि भाड्याचे घर न मिळणे. हवेली सोडायला तयार नसलेल्या वृद्ध आईला शेवटच्या घटकेला पुन्हा तेथेच आणावे लागते, तेव्हा तिचा जीव सुटतो. घर म्हणजे काय, याचे इतके थेट उत्तर क्वचितच कोणी दिले असेल.

ढाक्यात जन्मलेले आणि पुढे पुण्याच्या चित्रपट संस्थेत शिकवलेले ऋत्विक घटक ‘कोमल गांधार’मध्ये (१९६१) वेगळा मार्ग घेतात. पद्मेच्या काठावर रूळ संपतात, पलीकडे पूर्व बंगाल. कॅमेरा त्या रुळांवरून वेगाने धावतो आणि शेवटच्या अडसराशी पोहोचताच पडदा काळा होतो. संवादाची गरजच उरत नाही.

मुझफ्फर अली यांच्या ‘गमन’मध्ये (१९७८) सीमारेषा नाही, तरीही परतीची वाट बंदच आहे. उत्तर प्रदेशातून मुंबईत येऊन टॅक्सी चालवणारा गुलाम हसन (फारूख शेख) स्थानकापर्यंत जातो, पण प्रवासखर्चाचा हिशेब त्याला माघारी फिरवतो. गावी खैरून (स्मिता पाटील) वाट पाहते. या साऱ्यांत हाच शेवट अधिक कठोर म्हणावा लागेल, कारण त्याला अडवणारे कोणीच नाही.

परदेशस्थांच्या कथांत हे दुःख बरेच सौम्य होते. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’मधील (१९९५) बलदेव सिंग लंडनमध्ये कबुतरांना दाणे टाकताना पंजाबची शेते आठवतो. ऐपत असल्याने तो परतूही शकतो. त्याची मुलगी मात्र अखेरीस पंजाबच्या फलाटावरून निघणारी गाडी पकडते. तो फलाट प्रत्यक्षात रायगड जिल्ह्यातील आपटा स्थानकाचा आहे.